आज चर्चमध्ये पोरीचं नाव मीच सांगितलं

बायांनो, आज पांढुर्ण्याच्या चर्चमध्ये काय झालं ते माझ्याकडूनच ऐका, नाहीतर उद्या मार्थाबाई तिखटमीठ लावून सांगन.

माझ्या शेजारच्या सुशीलेच्या पोरीचा बाप्तिस्मा होता. धर्ममाता मी. आमच्यात पाद्रीसाहेब नाव विचारतात, धर्ममाता सांगते, अन् तेच नाव कायमचं लागते.

सुशीलेची सासू म्हणजे ही मार्थाबाई. तिनं मले आठवडाभर घोकवलं, "राहेल म्हणजो. माझ्या मायचं नाव हाये." सुशीलेले आशा नाव पाहिजे होतं. पण तिचं ऐकते कोण?

मी लेकरू हातात घेतलं. पाद्रीसाहेब म्हणाले, "बाळाचं नाव सांगा." मी सुशीलेकडं पाहिलं. ती बिचारी मान खाली घालून ओठ चावून राहिली होती. माझं डोकंच फिरलं. मी जोरात म्हटलं, "आशा!"

पोरीच्या डोक्यावर पाणी पडलं. झालं!

मार्थाबाईनं मले चर्चच्या पायरीवरच गाठलं. "काहून वो, तुले राहेल सांगतलं होतं ना?"

"सांगतलं होतं. पण पोट्टी जन्माले कोनं घातली?"

फोटोवाल्याचा रोल संपला, तरी आमचं भांडण संपलं नाही. सुशीला तर सारखी लेकराच्या कानात आशा, आशा करून राहिली होती.

मार्थाबाई म्हणते, पुढच्या नातवाच्या वेळेस धर्ममाता मीच निवडीन. मी म्हटलं, निवड. जिले निवडशील तिलेही सुनेचं तोंड पाहाले डोळे असतीलच ना?

सांगा बायांनो, तुम्ही असत्या तर कोणतं नाव सांगितलं असतं?