बकलाला लावलेलं कुंकू

आईचं बोट अजून लाल होतं आणि ट्रेमधल्या सगळ्या बकलांवर एकेक टिळा. कंपनीचे साहेब माल बघायला कधीही येतील, आणि माझं बाळ आईच्या कडेवर बसून खुदुखुदु हसतंय.

नवघरच्या आमच्या गाळ्यात आधी स्टीलचे डबे बनायचे. नवरा मशीनवर, मी पॅकिंगला. मग सरकारने माणूस अंतराळात पाठवायला पैसा काढला, सरकारच्या मागून मोठमोठ्या कंपन्या पण उतरल्या, आणि त्यातल्या एकीने आमच्या शेठला ट्रायलचं काम दिलं. अंतराळवीर बसतो त्या सीटच्या पट्ट्याचं बकल. शेठ गुजराती, म्हणायचे, "बेन, हा माल पास झाला ना, तर तुमचा पोरगा कॉलेजला जाईपर्यंत काम आहे."

काय दिवस होते ते. डोक्यावर पांढरी टोपी, हातात मोजे, चपला बाहेर. आम्ही बायका एकमेकींना चिडवायचो, "काय मॅडम, वर जाताना डब्याला काय नेणार? सुकट?" मी आणि नवरा तर इंद्रलोकला, तिकडच्या नव्या बिल्डिंगींत, एक रूम बघून पण आलो होतो, खिडकीत उभं राहून वारा घेऊन आलो.

बाळ अंगावर पितं म्हणून आई त्याला दुपारी घेऊन यायची, बाहेरच थांबायची. त्या दिवशी मी हात धुवायला गेले आणि ती आत शिरली.

"आई, काय केलंस गं हे?"

"तूच बोललीस ना, ह्याच्यात मानूस बसून वर जानार हाय. मंग कुंकू नको? तुझ्या बापाची होडी मी कवा कोरी सोडली?"

खरंच नव्हती सोडली. होडी निघायच्या आधी ती नाळेला, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला, कुंकू लावायची, मी तिच्या मागे चिखलात परकर वर धरून उभी. होडी खाडीच्या वळणाआड जाईपर्यंत ती कोणाशी बोलायची नाही. आणि बाबा परत आले की पहिली त्यांच्यावरच ओरडायची, उशीर का केला म्हणून. मला तो ओरडा फार आवडायचा.

पण बकलात स्प्रिंग असते. बारीक कण जरी गेला तरी अडकू शकते, म्हणून काही लागलं तर पुसायचं नाही, सांगायचं, असं आम्हाला बजावलेलं. नवरा धावत आला. बघितलं, कपडा माझ्या हातात कोंबला आणि हळूच म्हणाला, "पूस पटकन. कोणाला नाय कळणार."

मी एक पुसलं. वरून चकाचक. फटीत लाल राहिलंच. मला ते बकल लावून बसलेला माणूस दिसायला लागला, आणि त्याची बायको, पोराला घेऊन कुठेतरी उभी.

साहेब आले तेव्हा मी ट्रे तसाच त्यांच्यासमोर नेला.

माल नापास झाला, काम पण दुसऱ्यांना गेलं. शेठनी आईला बसवून चहा पाजला. आम्ही परत डब्यांवर. नवरा अजून म्हणतो, "ट्रायलचा माल होता गं, त्यात कोण बसणार होतं?" असेल पण तसं. माझी शाळा आठवीतच सुटली, मला एवढं कळत नाही. पण तुमच्या हातात तो कपडा असता, समोर नवरा आणि बाजूला आई, तर तुम्ही काय केलं असतं?