नाकराव चुकले तो दिवस

इंजिन शेडमध्ये नाकरावांना खऱ्या नावाने हाक मारणारं कुणी उरलंच नव्हतं. पगाराच्या खिडकीतला कारकूनसुद्धा "नाकराव, सही करा" म्हणायचा. आणि नाक तरी कसलं म्हणता! दिसायला अगदी साधं, जरासं बसकं, थंडीत गळणारं. पण डिझेल इंजिनाच्या धुराचा वास घेऊन ते असं निदान करायचं, की भल्याभल्यांनी तोंडात बोटं घालावीत.

पद्धत अशी होती. कसलीही तक्रार घेऊन रेल्वेचं इंजिन शेडमध्ये आलं, की आधी ते रुळांमधल्या खड्ड्यावर उभं करायचं. बाजूला इंजिनाच्या टपाएवढ्या उंचीचा लोखंडी माचा होता. इंजिन चालू करून त्याला जोर द्यायचा. मग नाकराव जिना चढून माच्यावर जायचे, धुराड्याजवळ तोंड न्यायचे, डोळे मिटायचे आणि छाती भरून वास घ्यायचे. खाली सगळे फिटर माना वर करून उभे. इंजिनाच्या गोंगाटात बोललेलं काही ऐकू यायचं नाही, म्हणून नाकराव हातानेच सांगायचे. मूठ वळली की टर्बो, म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा पंखा, तेल पितोय. एक बोट वर केलं की डिझेल फवारणारा इंजेक्टर गळतोय. तळहात आडवा धरला की हवेची जाळी तुंबलीय. तो हात वर झाल्याशिवाय शेडमध्ये एक बोल्टसुद्धा ढिला व्हायचा नाही. हा नियम कुणी केला नव्हता, पण साहेबही तो पाळायचे.

मध्यंतरी वरच्या कचेरीने धूर ओढून छपराबाहेर टाकणारं यंत्र बसवून दिलं. जाड नळी आणि तिच्या तोंडाला पत्र्याची भलीमोठी छत्री. साखळी ओढली की छत्री खाली येऊन धुराड्यावर बसायची. नाकरावांनी पहिल्याच दिवशी ती वर ओढून तारेने बांधून टाकली. "धूरच पळवून नेलात तर मी काय इंजिनाच्या चाकाची नाडी बघू?" असं म्हणाले. सगळे खो खो हसले. छत्री वरच राहिली आणि तिच्यात पारव्यांनी संसार थाटला. मास्कचं खोकं आलं, तेही कपाटात जाऊन पडलं. आता नाकराव जिथे उघड्या तोंडाने उभे राहतात, तिथे आपण कोण टिकोजीराव, असं म्हणून बाकीच्यांनीही मास्कला हात लावला नाही. संध्याकाळी घरी जाऊन नाक शिंकरलं की रुमाल काळा व्हायचा, आणि त्याचीही ही मंडळी एकमेकांत बढाई मारायची. शहाणपणाचा दुष्काळ, दुसरं काय!

नाकरावांना एकच मुलगी. लहानपणी हातात आलेली वस्तू सोडायची नाही, म्हणून घरात तिचं नाव पडलं पक्कड. ती फिटर झाली आणि बापाच्याच शेडमध्ये लागली. आधी आधी तिथले लोक तिच्या हातात पाना देण्याऐवजी चहाची किटली द्यायचे. वेल्डर, म्हणजे नाकरावांचा जुना दोस्त, तोही म्हणायचा, "अगं बाई, ऑफिसात बसून काम कर की, का हात काळे करतेस?" पक्कडने बापाकडून वास शिकून घेतला. एक दिवस नाकराव रजेवर असताना ती माच्यावर चढली आणि तिने मूठ वळून दाखवली. टर्बो उघडला तर आत तेलाचं थारोळं. त्या दिवसापासून किटली गेली आणि तिला शेडमध्ये मान मिळाला. नाकरावांना तर आभाळ ठेंगणं झालं. "बाप तसा बेटा असतो, माझ्याकडे बाप तशी बेटी आहे," असं ते दिसेल त्याला सांगत सुटले.

मग खोकला सुरू झाला. साधाच, कोरडा. नाकरावांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, तो आवडला नाही. "अहो, जरा दाखवून या." "हवा बदललीय." "हवा कधीची बदलून पुन्हा होती तशी झाली, तुमचा खोकला तिथेच." नाकराव टाळत राहिले. शेवटी काकूंनी हत्यार काढलं. डॉक्टरकडे जात नाही तोवर घरात चहा होणार नाही, असं सांगून टाकलं. चहाशिवाय नाकराव म्हणजे पाण्याबाहेरचा मासा. दुसऱ्याच दिवशी मुकाट दवाखान्यात गेले.

फोटो निघाला, मोठ्या यंत्रात झोपवून पुन्हा फोटो निघाला, सुईने तुकडा काढून तपासला. उजव्या फुप्फुसात कॅन्सरची छोटी गाठ होती. डॉक्टरबाई तरुण होत्या, पण बोलायला सरळ. त्यांनी विचारलं, "सिगारेट किती ओढता?"

"शपथेला नाही."

"अहो, ह्यांना शेजाऱ्याच्या सिगारेटनेसुद्धा ठसका लागतो," काकू म्हणाल्या.

"मग काम काय करता?"

नाकरावांनी सांगितलं. म्हणजे अभिमानाने सांगितलं. मूठ कधी, बोट कधी, तळहात कधी, सगळं हात करून दाखवलं. डॉक्टरबाई ऐकत राहिल्या आणि त्यांचा चेहरा उतरत गेला.

"काका, डिझेलच्या धुराने फुप्फुसाचा कॅन्सर होतो, हे आता पक्कं माहीत झालंय. तुम्हाला त्यानेच झाला असं मी छातीठोक सांगू शकत नाही. पण धुराड्याला तोंड लावून तुम्ही जन्म काढलात, म्हणजे धोका हाताने वाढवून घेतलात. आता चांगली गोष्ट ऐका. गाठ लहान आहे आणि वेळेत सापडलीय. तेवढा भाग काढून टाकू. तुम्ही बरे व्हाल अशी मला खरोखर आशा आहे."

नाकरावांनी मान हलवली. स्वतःबद्दलचं त्यांनी तसं धीराने घेतलं. जे आलंय ते निस्तरायचं, असा त्यांचा स्वभावच होता. पण डॉक्टरबाईंनी औषधं लिहिता लिहिता सहज विचारलं, "तुमच्यासारखा वास घेणारं शेडमध्ये अजून कुणी आहे का?"

काकूंनी नवऱ्याकडे बघितलं आणि पदराने तोंड दाबून धरलं.

"माझी मुलगी," नाकराव म्हणाले. "मीच शिकवलं तिला."

ऑपरेशन झालं. चांगलं झालं. नाकराव घरी आले, आधी खाटेपासून खिडकीपर्यंत आणि मग गल्लीच्या टोकापर्यंत चालायला लागले. पुढच्या तपासण्या स्वच्छ आल्या. काकूंनी चहावरची बंदी उठवली. पण नाकरावांच्या जिवाला चैन नव्हतं, कारण ते घरी बसल्यापासून पक्कड रोज माच्यावर चढत होती. संध्याकाळी ती घरात आली की तिच्या केसांना, कपड्यांना तोच धूर. इतकी वर्षं त्या वासाने त्यांची छाती फुगायची. आता ते खिडकी उघडायला उठायचे.

"पक्कड, मास्क लावत जा. आणि ती छत्री खाली घ्या."

"बाबा, छत्री कुणी बांधली?"

"मी बांधली. गाढवपणा केला. आता सोड."

"मास्क लावला की मला वास कसा येणार? आणि वास आला नाही तर मी कोण? परत किटली हातात घेऊ?"

"धुरामुळे माझं फुप्फुस कापावं लागलं, दिसत नाही तुला?"

"तुमच्या वेळची इंजिनं वेगळी होती. आणि सगळ्यांनाच थोडं होतं असं."

"ज्याला होतं त्याला विचार!" नाकराव इतक्या जोरात ओरडले, की टाक्यांवर हात धरून खाली बसले. काकू धावत आल्या. पक्कड घाबरली, तिने पाणी आणलं, बापाची पाठ चोळली. पण हेका सोडला नाही. नाव उगाच पडलं नव्हतं.

"शेडमध्ये यंत्रं आहेत ना आता, धूर मोजणारी," नाकराव हळू आवाजात म्हणाले.

"यंत्रं चुकतात. तुमचं नाक कधी चुकलंय? शेडमध्ये विचारा कुणालाही. ज्या दिवशी तुमचं नाक चुकेल, त्या दिवशी मी मास्क लावीन. माझा शब्द."

नाकराव उठून खाटेवर जाऊन पडले. काकूंना वाटलं, दमले.

काही दिवसांनी ते कामावर हजर झाले. डॉक्टरबाईंच्या चिठ्ठीमुळे हलकं काम मिळालं होतं, हत्यारांच्या खोलीत बसून पाने-पकडी देण्याचं. धुरापासून लांब राहा अशी सक्त ताकीद होती. सगळ्यांनी पाठीवर हळूच थापा मारल्या, वेल्डरचे तर डोळेच भरून आले. "अरे रडतोस काय, मेलो नाहीये मी," नाकराव म्हणाले.

दुपारी एक इंजिन आलं. चढावर दम टाकत होतं आणि धूर ओकत होतं. पक्कडने हात पुसले आणि ती जिन्याकडे निघाली.

"थांब," नाकराव खोलीतून बाहेर येत म्हणाले. "मी असताना तू?"

"बाबा, डॉक्टरांनी..."

"एकदाच. आज मला बघू दे."

शेडभर बातमी पसरली. नाकराव चढतायत! लेथवरचे, वायरिंगवाले, कचेरीतले सगळे जमले. साहेबही आले आणि काळजीने म्हणाले, "नाकराव, जपून हं." इंजिनाला जोर दिला. छपराखाली धुराचा लोट उठला. नाकराव जिना चढले, पण माच्यावर पाऊल ठेवलं नाही. वरच्या पायरीशीच थांबले. तिथूनही त्यांना कळलं. जळक्या तेलाचा तो गोडसर, घशाला चिकटणारा वास. टर्बो. डोळे बांधून, झोपेतून उठवून विचारलं असतं तरी टर्बोच म्हणाले असते.

त्यांनी खाली बघितलं. सगळे चेहरे त्यांच्याकडे लागलेले. त्यांत एक पक्कडचा.

नाकरावांनी एक बोट वर केलं.

मंडळी कामाला लागली. इंजेक्टर काढले, तपासणीच्या टेबलावर लावले. एकही गळत नव्हता. पुन्हा तपासले. काहीच नाही. कुजबूज सुरू झाली. शेवटी वेल्डरच नाइलाजाने म्हणाला, "टर्बो उघडून बघायचा का?" उघडला. आतून काळं तेल पायावर सांडलं.

मग मागून कुणीतरी फिसकन हसलं, आणि हसू शेडभर फिरलं. "ऑपरेशनमध्ये नाकच कापलं वाटतं डॉक्टरने!" साहेब समजुतीने म्हणाले, "होतं हो असं, आजारातून उठलात." नाकरावांचे कान तापले. उभ्या हयातीत त्यांच्यावर कुणी असं हसलं नव्हतं. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. तरी ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "नाकाचा काय भरवसा! आजवर असा किती वेळा चुकलो असेन, देव जाणे. साहेब, ते धूर मोजायचं यंत्र काढा, तपासा त्याने. आणि छत्री सोडा खाली."

सुट्टीच्या भोंग्यानंतर ते नळावर हात धूत होते. पक्कड शेजारी येऊन उभी राहिली.

"टर्बो होता."

"हो, बघितलं मी. म्हातारं झालं गं नाक."

"मला खाली उभी राहून आला वास. तुम्ही वर होता."

नाकराव साबण चोळत राहिले. हात कधीचे स्वच्छ झाले होते.

"बाबा, सगळे हसले तुम्हाला." तिने त्यांच्या हातातला साबण काढून घेतला. "तो कालचा आलेला वायरिंगवालासुद्धा हसला. तुम्ही मुद्दाम केलंत. का केलंत असं?"

"हसू दे की. त्यांच्या हसण्याने माझ्या अंगाला भोकं पडत नाहीत," नाकराव म्हणाले, आणि मग त्यांना पुढे थट्टा जमली नाही. "ऑपरेशनच्या टेबलावर मी झोपलो होतो ना, तेव्हा मला मरणाची भीती नाही वाटली. तुला तिथे झोपलेली बघावं लागेल, याची वाटली. नाव काय, गेलं तर गेलं. मला तू पाहिजेस, बाळा. धडधाकट पाहिजेस." आणि ते नळ चालूच ठेवून लहान मुलासारखे रडले. पक्कडने नळ बंद केला आणि ओल्या हातांसकट त्यांना मिठी मारली. वेल्डर तिकडून येत होता, तो आल्या पावली मागे फिरला.

खरं म्हणजे पक्कड शब्दाला बांधली गेली नव्हती. नाक चुकलंच नव्हतं, आणि हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मालगाडीचं इंजिन खड्ड्यावर लागलं. मंडळी सवयीने माना वर करून उभी राहिली. पक्कडने कपाटातून खोकं काढलं, एक मास्क स्वतः चढवला आणि बाकीचे हातोहात वाटले. मग ती माच्यावर गेली. तार तोडली, पारव्यांना हुसकावलं, साखळी ओढली. छत्री करकरत खाली आली आणि धुराड्यावर बसली.

"आता धूर मोजायचं यंत्र लावा!" ती वरून ओरडली. "आणि आमच्या बाबांना कुणी पुन्हा वास घ्यायला बोलावलं, तर गाठ माझ्याशी आहे!"

इंजिनाला जोर दिला. शेड हादरलं. नाकराव हत्यारांच्या खोलीच्या दारात उभे होते. त्यांनी सवयीने श्वास घेतला, सावकाश, उरलेल्या फुप्फुसाला झेपेल तेवढा. कसलाच वास आला नाही. त्यांनी पुन्हा एकदा घेऊन बघितला, आणि मग समोर हात पसरून उभ्या असलेल्या फिटरला हसत विचारलं, "कुठला पाना देऊ?"