आधी ब्रेक, मग क्रूस

पास्कल गेल्याचं त्याच्या बायकोने फोनवर सांगितलं, तेव्हा मी वाडीत केळीची वाळलेली पानं काढत होतो. "दादा, हे सकाळी उठलेच नाहीत," एवढंच ती बोलू शकली. कोयता तिथेच टाकून निघालो. पास्कल माझा धाकटा भाऊ. पाठीवरचा. घरं शेजारी, वाडीला कुंपण एकच... पोचायला मला दोन मिनिटंही लागली नाहीत.

मयताला सगळा गाव होता. दफनभूमीतून बाहेर पडताना आमच्याच वयाचं कुणीतरी म्हणालं, "आयुष्यभर घाई. जातानाही ब्रेक मारला नाय." दोघं-तिघं हसले, मायेनेच हसले. मीही मान हलवली. रात्री अंथरुणावर पडल्यावर आठवलं, की बारा वर्षांपूर्वीही मी अशीच मान हलवली होती. म्हणून हे लिहायला घेतलं.

पास्कल जहाजावर इंजिनिअर होता. नोकरी सोडून कायमचा घरी आला तेव्हा त्याने एक जुनी, निळी, दोन दारांची स्पोर्ट्स गाडी आणली. मी बँकेतला माणूस. म्हटलं, "त्यापेक्षा टेम्पो घेतला असतास तर केळी तरी गेली असती." तो म्हणाला, "टेम्पोत नवरी बसवशील, दादा?" आणि झालंही तसंच. गावातली प्रत्येक नवरी चर्चला पास्कलच्या गाडीतून जायला लागली. नवरी पुढे, आणि तिचा बाप मागच्या चिंचोळ्या सीटवर गुडघे छातीशी घेऊन. पास्कलची एक सवय होती. गाडी सुरू करण्याआधी तो ब्रेक दाबून बघायचा आणि मग कपाळाला बोटं लावून क्रूसाची खूण करायचा. फादरनी एकदा विचारलं, "आधी देव नको का रे?" तर म्हणाला, "फादर, उगाच देवाला कामाला लावायचं नाही."

त्या गाडीला पुढचे ब्रेक मोठे बसवायचं त्याच्या मनात बरेच दिवस होतं. ब्रेकची मोठी डिस्क जुन्या चाकात मावत नाही, त्यामुळे चाकंही मोठी लागणार होती. यावर त्याने महिनोन्‌महिने विचार केला. वळताना टायर मडगार्डला घासेल का, आपल्या खड्ड्यांत पातळ टायर टिकेल का... "अठरा इंची नको, सतरा पुरे. गाडी रस्त्यासाठी आहे, फोटोसाठी नाही," असं तो मला समजावून सांगायचा आणि मी पेपर वाचता वाचता हूं म्हणायचो. शेवटी चाकं आली. ब्रेक मात्र येताना वाटेत कुठेतरी अडकले. त्याच आठवड्यात माझ्या लेकीचं, सेलिनाचं लग्न होतं.

शेडच्या भिंतीला टेकवून ठेवलेली ती चंदेरी चाकं मी पाहिली आणि माझ्या डोळ्यांपुढे मुंबईहून येणारे व्याही उभे राहिले.

"लाव की ही," मी म्हटलं.

"ब्रेक येऊ दे. ही जड आहेत. जुन्या ब्रेकवर गाडी थांबेल, पण थोडी पुढे जाऊन थांबेल."

"थोडी म्हणजे किती?"

त्याने मासा दाखवावा तसे दोन्ही हात फाकवले. मी हसलो. "लग्नात ब्रेक कोण बघतो? लोक चाकं बघतात." मग मी मोठ्या भावाचं शेवटचं अस्त्र काढलं. "आजवर तुझ्याकडे काही मागितलंय का मी?" दुसऱ्या दिवशी चाकं गाडीला लागलेली होती.

लग्नाच्या सकाळी सेलिनाच्या डोक्यावरचा जाळीचा व्हेल नीट बसेना आणि उशीर झाला. पास्कलने ब्रेक दाबून पाहिला, खूण केली, निघाला. मी मागून म्हटलं, "गाडी दामट जरा. फादर खोळंबलेत." त्याने दामटली. विहिरीच्या वळणावर, तिथेच राहणारी रेजिनामावशी वाडीतून रस्त्यावर आली. हातात मोगऱ्याची परडी, आमच्याच लग्नासाठी. पास्कलने वेळेवर ब्रेक मारला, हे मी कुठेही शपथेवर सांगेन. गाडी थांबत आली होती... आणि तेवढीच, त्याने हातांनी दाखवली होती तेवढीच पुढे गेली. धक्क्याने मावशी खाली बसली. तिचं खुब्याचं हाड मोडलं.

लोक धावले. व्याह्यांची गाडी मागेच होती. "केवढी ती घाई, पास्कल!" कुणीतरी ओरडलं. तो मावशीशेजारी मातीत बसला होता. "माझी चूक," म्हणाला. पुढची सीट वाकवल्याशिवाय मागच्याला बाहेर येता येत नाही. मी बाहेर येईपर्यंत चूक कुणाची ते ठरून गेलं होतं. लोकांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

मावशी काठीला टेकून चालू लागली. तिने पास्कलला कधी शब्दाने दुखवलं नाही. पण त्यानंतर एकाही नवरीने त्याची गाडी मागितली नाही. कुणी बोललं नाही, फक्त विचारायला आलं नाही. ब्रेक नंतर आले. त्याने ते बसवले. दर रविवारी चर्चमधली मिसा झाल्यावर तो एकटाच चिंचोटीपर्यंत जाऊन यायचा, इतका सावकाश की सायकलवाले पुढे जायचे. तरी गावात नाव राहिलं ते वेगाचंच. ते पुसायला माझं एक वाक्य पुरलं असतं. बारा वर्षं मी ते उद्यावर टाकत गेलो.

पास्कलला जाऊन महिना झाल्याची मिसा झाली त्या दिवशी सेलिनाला सगळं सांगितलं. ती लसूण सोलत होती. तिने मान वर केली नाही.

"पप्पा, मी पुढेच बसले होते ना."

मी तिच्यासमोर खुर्ची ओढून बसलो.

"काकांनी हॉस्पिटलमधून फोन केला होता तेव्हा. म्हणाले, गाडीतलं कुठे बोलू नकोस. पोरीच्या लग्नाची आठवण पप्पांना कडू नको." लसणाची पुढची पाकळी घेत ती म्हणाली, "मी नाही बोलले. पण तुम्ही बोलाल असं वाटायचं. काका होते तोवर."

हे छापून येण्याआधी रेजिनामावशीने ते माझ्या तोंडून ऐकायला हवं, म्हणून तिच्याकडे जायचं ठरलं. गेल्या रविवारी आम्ही शेड उघडली, गाडीवरचं कापड काढलं. चंदेरी चाकांवर धुळीचा कण नव्हता, जाण्याच्या आदल्या दिवशीही त्याने ती पुसली असणार. सेलिना चालवायला बसली. शेजारची सीट रिकामी होती, तरी मी मागे शिरलो, गुडघे छातीशी घेऊन. तिने ब्रेक दाबून पाहिला, मग बोटं कपाळाला नेली. तिला हे कुणी शिकवलं ते विचारायची गरज नव्हती.

"निघू?" आरशातून माझ्याकडे बघत तिने विचारलं.

"सावकाश चल," मी म्हटलं. "उशीर तर झालाच आहे."