फोन बाबांकडे वळवला

भिवंडीजवळ पूर्णेच्या ज्या गोदामात मी डिस्पॅचला बसते, तिथे मालापेक्षा फोन जास्त येतात. ड्रायव्हरला लोकेशन पाठवलेलं असतं. ते मिळालं हे सांगायला तो फोन करतो. मग ते बरोबर आहे ना हे विचारायला करतो, कारण मोबाइलमधल्या बाईपेक्षा फोनवरच्या बाईवर त्याचा विश्वास जास्त. शेवटी गेटसमोर गाडी उभी करून विचारतो, ‘मॅडम, गेट किधर है?’ इथली सगळी गोदामं सारखीच दिसतात, त्यामुळे त्याला दोष देता येत नाही. तरी मी देते.

फोनवरचा वेळ वाचवण्यासाठी मॅनेजरसाहेबांनी एकदा मीटिंग घेतली. मीटिंगभर त्यांना फोन येत होते आणि आपण मीटिंगमध्ये आहोत हे ते प्रत्येकाला सविस्तर समजावत होते. मधल्या वेळात त्यांनी दोन नियम सांगितले. थोडक्यात बोलायचं. आणि घरचे फोन फक्त जेवणाच्या सुट्टीत.

माझा घरचा फोन म्हणजे बाबा. जवळच शेलार गावात आम्ही दोघंच राहतो. बाबांनी जन्मभर शेती केली. मग शेत गोदामवाल्यांना दिलं आणि हातात करण्यासारखं काही राहिलं नाही. आई होती तोवर चाललं. बाबा जेवायला बसले की ती समोर बसून अख्ख्या आळीच्या भानगडी सांगायची आणि ते ‘हं, हं’ करत जेवायचे. आई गेली आणि दुपारी ताट समोर घेऊन ते मला फोन करायला लागले.

‘जेवलीस का गो?’

तेव्हाच नेमक्या गाड्या लागलेल्या असायच्या. ‘कामात आहे बाबा, तुम्ही जेवून घ्या,’ म्हणून मी ठेवायचे. संध्याकाळी घरी यावं तर ताट तसंच झाकलेलं, भात वाळलेला. विचारलं तर ‘भूक न्हाय’. सदरे अंगावर लोंबायला लागले. डॉक्टरांनी दोनदा बजावलं की उपाशीपोटी साखरेच्या गोळ्या घेतल्या तर एक दिवस चक्कर येऊन पडतील. मला भीती वाटायची. फोन वाजला तरी वाटायची आणि नाही वाजला तर जास्तच.

म्हणून मी दोन्ही दुखणी एकमेकांच्या गळ्यात बांधली. डिस्पॅचचा फोन दुपारी बिझी लागला की तो आपोआप बाबांच्या मोबाइलवर जाईल असं करून टाकलं. ऑफिसला विचारलं नाही, विचारलं असतं तर मीटिंग झाली असती. बाबांना काय सांगायचं ते पढवलं: कमानीतून आत, पाण्याच्या टाकीला उजवीकडे, निळं गेट, कागद हातात ठेवा, नंबर येईपर्यंत थांबा. बाबांची हिंदी भिवंडीची आहे, ड्रायव्हरलोकांना ती घरच्यासारखी वाटली.

माझे फोन निम्म्यावर आले. साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं आणि इतरांना माझ्याकडून शिकायला सांगितलं. काय शिकायचं ते त्यांनाही माहीत नव्हतं. बाबांचा मला येणारा फोन मात्र बंदच झाला. संध्याकाळी घरी आले की ताट घासून पालथं घातलेलं दिसायचं. मी फार चौकशी केली नाही. चांगलं चाललेलं असताना उगाच खोदू नये.

मग एका दुपारी एक कंटेनर हरवला. साहेब माझ्या टेबलाशी आले. ‘गाडी कुठाय?’

मी ड्रायव्हरला फोन लावला आणि ऐकलं ते सांगितलं. ‘शेलारला आहे, सर. जेवतोय.’

झालं होतं असं, की ड्रायव्हरने गेट विचारता विचारता ‘चाचा, इधर खाना किधर मिलेगा?’ असंही विचारलं. आमच्याकडे जेवणाच्या वेळी माणसाने जेवणाचं विचारलं तर त्याला हॉटेल दाखवत नाहीत. बाबांनी आमच्या घराचा रस्ता सांगितला.

सगळा उलगडा झाल्यावर साहेबांनी घड्याळ बघितलं. मग म्हणाले, ‘आत्ता जा, गाडी आणा. आणि वडलांना सांगा, उद्यापासून हे बंद.’

रिक्षाने गेले. कंटेनर आमच्या आळीत बाटलीतल्या बुचासारखा बसला होता. मागे एक टेम्पो अडकलेला, आणि तो कसा निघेल यावर आळीतले सगळे मत देत होते. वाटभर मी बाबांना सांगायचं वाक्य जुळवत होते. कसंही जुळवलं तरी शेवटी झाकलेलं ताटच दिसत होतं.

घरात बाबा आणि ड्रायव्हर समोरासमोर बसले होते. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, भात. तांब्याला टेकवून फोन उभा केलेला, स्पीकर चालू. त्यात दुसराच कोणी ड्रायव्हर कुठल्याशा नाक्यावर आपल्या केबिनमध्ये जेवत होता. त्याचं चावणं ऐकू येत होतं. तो घरच्या म्हशीची काहीतरी हकिकत सांगत होता आणि बाबा ‘हं, हं’ करत घास घेत होते. मला बघून त्यांनी थांब असा हात केला. ड्युटीवर होते.

फोनमधल्याने विचारलं, ‘चाचा, इस नंबर पे पहले एक मॅडम उठाती थी. वो किधर गई?’

‘मेरी लडकी हाय ती,’ बाबा म्हणाले. ‘उसको फोन नय करने का. बहोत काम हाय उसको. टायम पे जेवती भी नय. जो पूछना हाय, मेरेको पूछो.’

मला एकदम रडू आलं. हात धुवायला मोरीत गेले आणि लागतो त्याहून जास्त वेळ हात धुतले. मग ताट घेतलं आणि बाबांच्या शेजारी बसले. पहिला घास घेतला तोच माझा फोन वाजला.

साहेब. ‘सांगितलंत का त्यांना?’

‘सर, जेवणाची सुट्टी आहे,’ मी म्हटलं. ‘फक्त घरचे फोन.’

आणि ठेवला. बाबांनी माझ्या ताटात भात वाढला.

‘कोन व्हता गो?’

‘साहेब.’

त्यांनी थोडा विचार केला. ‘त्याचा पन माज्याकडं वलव,’ म्हणाले.