जहाजाची यादी आणि ललिताबाई

चंद्रपूर जिल्ह्यातल्या सावलीच्या बसस्टँडसमोर माझं सेवा केंद्र आहे. सातबारा, जातीचा दाखला, पीकविमा, आधारची दुरुस्ती, सरकारला लोकांकडून जे जे हवं असतं ते सगळं माझ्या टेबलावरून जातं. माझं नाव श्रीहरी, पण लोक भाऊच म्हणतात आणि पिशवी माझ्यापुढे उलटी करतात. पासबुक, पिन नंबर, सुनेचं माहेरचं नाव, नवऱ्याची दारू, सगळं. 'हे कोणाला सांगू नका' असं कोणी म्हणत नाही. घरकुलाची यादी आली की मी ती दारावर चिकटवतो, खातेनंबरासकट. लोक बोट फिरवत आधी दुसऱ्यांची नावं वाचतात, मग स्वतःचं शोधतात. पंधरा वर्षं मी अशा याद्या लावल्या आणि हे पुण्याचं काम आहे असं समजत आलो.

ललिताबाईंची गोष्ट सांगायची तर हे आधी सांगणं भाग आहे, कारण त्यांचं जे वाटोळं झालं ते याच सवयीनं केलं.

ललिताबाई आमच्या भागातल्या उपकेंद्राच्या नर्स. बुटक्या, सावळ्या, चालताना थोड्या पुढे झुकलेल्या. एकतीस वर्षं लसीचा निळा डबा खांद्यावर घेऊन फिरल्यामुळे तो खांदा कायमचा खाली गेला, असं त्या स्वतःच हसून सांगत. वैनगंगेला पूर आला तरी डोंग्यात बसून पलीकडच्या गावाला जायच्या, डबा मांडीवर. डोंगेवाला सोमाजी म्हणायचा, "सिस्टर, डोंगा उलटला तं आधी डबा धरसाल का मले?" त्या म्हणायच्या, "डबा. तुले पोहता येते." आजूबाजूच्या गावांत अशी आई सापडणार नाही जिचं लेकरू त्यांच्या हातची सुई टोचून रडलं नसेल.

पण मला त्यांचं मोठेपण दिसलं ते दुसऱ्याच कारणानं. ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. पंचवीसेक वर्षांपूर्वी, माझं दुकान नुसतं झेरॉक्स आणि फोनचं होतं तेव्हा, मला टीबी झाला. घरात बहिणीच्या लग्नाची बोलणी चालली होती. गावात कळलं असतं तर सोयरीक मोडली असती. गोळ्या नर्ससमोर गिळायचा नियम होता. मी दवाखान्यात जायला तयार नव्हतो. तेव्हा ललिताबाई दिवसाआड माझ्या दुकानात झेरॉक्स काढायला येऊ लागल्या. कोरा फॉर्म माझ्यापुढे ठेवायच्या, त्याच्या घडीत माझ्या गोळ्या असायच्या. मी मागे वळून गोळ्या गिळायचो आणि त्या कोऱ्या फॉर्मची एक प्रत काढून द्यायचो. सहा महिने. लोक म्हणायचे, ही बाई एवढ्या झेरॉक्सचं करते काय? बहिणीचं लग्न थाटात झालं. जेवणाच्या पंगतीत ललिताबाईही होत्या आणि माझ्याकडे त्यांनी असं पाहिलं की जणू त्या मला फक्त कागद काढणारा म्हणूनच ओळखतात.

अशा बाईचा कागद मी चव्हाट्यावर मांडला.

दोन हजार बावीसच्या दिवाळीनंतर निवृत्त वनपाल गुणवंतरावांच्या डोक्यात जहाज शिरलं. "जंगल लय पाह्यलं, आता पानी पाहू," असं म्हणत त्यांनी मुंबई ते लक्षद्वीप अशी पाच दिवसांची सहल काढली. बाराजण तयार झाले, त्यांत मी आणि त्याच वर्षी निवृत्त झालेल्या ललिताबाई. बाईंनी समुद्र कधी पाहिला नव्हता. त्या म्हणाल्या, "साऱ्या जिंदगीत एकदा तरी अशा नावेत बसतो, जिथी माझ्या मांडीवर काहीच नाई." आम्ही मोबाईलवर ग्रुप काढला. नागपूरचा एजंट ठरला. कागदाचं काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं.

जहाजवाल्यांची अट सरळ होती. कोरोनाच्या दोन्ही लसींचं प्रमाणपत्र आणि प्रत्येकाचा आरोग्याचा फॉर्म. लस अपुरी असेल तर डॉक्टरांचं पत्र आणि दवाखान्याचे कागद. एका दुपारी दुकानात कोणी नसताना ललिताबाई आल्या. समोरच्या खुर्चीवर न बसता आतल्या स्टुलावर बसल्या.

"भाऊ, माझी दुसरी सुई नाई झाली."

मला आधी कळलंच नाही. तालुक्यात सगळ्यात पहिली लस घेणाऱ्यांत त्या होत्या. मग त्यांनी सांगितलं. एकवीसच्या जानेवारीत पहिली सुई घेतली आणि दहा मिनिटांत घसा आवळला, अंगभर गांधी उठल्या, डोळ्यांपुढे अंधारी आली. तिथल्या डॉक्टरांनी लगेच इंजेक्शन दिलं म्हणून वाचल्या. चंद्रपूरला दोन दिवस ठेवलं. मोठ्या डॉक्टरांनी दुसरी सुई घ्यायची नाही असं लिहून दिलं. "लाखातून एकाले असं होते, भाऊ. तो एक मी निघाली. पन हे गावात सांगतलं असतं तं बाकीच्या लाखाले कोन समजावलं असतं?"

ते खरंच होतं. त्या उन्हाळ्यात लोक लसवाली गाडी दिसली की तेंदूपत्त्याच्या नावाखाली जंगलात शिरायचे. ललिताबाई मागोमाग जंगलात जायच्या. कोणी विचारलं, "सिस्टर, तुमी घेतली का?" तर म्हणायच्या, "पह्यली मीच घेतली." आणि सुई दिल्यावर प्रत्येकाला अर्धा तास समोर बसवून ठेवायच्या, घड्याळ लावून, टक लावून तोंडाकडे पाहत. लोक चिडायचे, बाईचं भलतंच काही असतं म्हणायचे. का पाहत होत्या ते मला त्या दुपारी कळलं. त्यांनी केलं ते योग्य होतं की नाही यावर मी खूप विचार केला आहे. पण त्यांच्या जागी मी असतो तर घरी बसलो असतो, एवढं नक्की.

"जहाजवाल्याईले सांगाच लागते का?" त्यांनी विचारलं.

"लागते, बाई."

"मंग त्याईलेच सांगा. इथी नको."

"माझ्या पोटात राहील," मी म्हणालो. डॉक्टरांचं पत्र आणि चंद्रपूरचं डिस्चार्ज कार्ड मी स्कॅन केलं. कार्ड वाचलंही. हातात आलेला कागद वाचायची मला खोडच आहे.

चार दिवसांनी एजंटचा फोन आला, आजच्या आज सगळं एकाच फाईलमध्ये पाठवा. मी बाराजणांच्या कागदांची एक फाईल केली. वरती यादी, खाली प्रत्येकाचं प्रमाणपत्र, फॉर्म, आणि बाईंचं ते डॉक्टरांचं पत्र. बाईंचं डिस्चार्ज कार्ड तेवढं वेगळं पाठवलं, कारण त्याचं स्कॅन फाईल झाल्यावर सापडलं. शहाणपणानं नव्हे. तोवर सगळ्यांचे फोन सुरू झाले होते. भाऊ, माझं नाव आलं का? भाऊ, माझ्या बापाचं नाव बरोबर टाकलं का? दुकानात पीकविम्याची गर्दी, बोलायला फुरसत नाही. मी काय केलं असेन? दारावर यादी लावतो तशी ती अख्खी फाईल ग्रुपवर टाकली आणि खाली लिहिलं, 'सर्वांनी आपापलं नाव तपासून घ्यावं.'

लोकांनी नेहमीप्रमाणे आधी दुसऱ्यांचं वाचलं.

तासाभरात गुणवंतरावांचा आवाज ग्रुपवर आला. त्यांची बायको कमळा लकव्यानं गेली होती, लस घेतल्यावर आठ महिन्यांनी. ब्लडप्रेशर कित्येक वर्षांचं, गोळ्या तिनं मनानंच सोडल्या होत्या, डॉक्टरांनी तसं सांगितलंही होतं. पण माणसाला दोष ठेवायला जागा लागते. "बाई," ते म्हणत होते, "माझ्या कमळेले तुमी तीन खेपा घरी येऊन सुई देल्ली. तिले भेव लागत होतं. तुमी सोतासाठी डॉक्टरची चिठ्ठी आनली. तिच्यासाठी काऊन नाई आनली?"

मी फाईल पुसली. पण ती तोवर कुठे कुठे पोचली होती कोण जाणे. संध्याकाळी चहाच्या टपरीवर एका पोरानं मलाच ती दाखवली, "भाऊ, हे पाहा, सिस्टरनं सोता नाई घेतली." ललिताबाई ग्रुपमधून बाहेर पडल्या. माझा फोन त्यांनी उचलला नाही. घरी जायचं मला धाडस झालं नाही.

त्या सहलीला आल्या नाहीत. मी गेलो. हेही लिहून टाकतो, उगाच चांगुलपणाचा आव कशाला आणू?

मुंबईच्या धक्क्यावर कागद तपासायचं काउंटर होतं. जमिनीवर पिवळी रेघ होती. एका वेळी एकानंच पुढे जायचं, बाकीच्यांनी रेघेमागे थांबायचं. मी सवयीनं गुणवंतरावांच्या खांद्यावरून डोकावलो, तर काउंटरवरची मुलगी, असेल बावीस-तेवीसची, मला म्हणाली, "काका, प्लीज मागे थांबा, त्यांची मेडिकल माहिती आहे." संगणकाचा पडदाही तिनं स्वतःकडे वळवून घेतला. त्यांचा कागद पाहून झाल्यावर घडी घातली आणि त्यांच्या हातात दिला. मला तोंडात मारल्यासारखं झालं. ज्या कंपनीला आम्ही कोण, कुठले हेही ठाऊक नव्हतं, ती आमची अब्रू सांभाळत होती. पाच दिवस निळं पाणी पाहिलं. लोकांनी फोटो काढले. मला एकही घास गोड लागला नाही.

परत आलो तेव्हा गोष्ट बाईंपुरती राहिली नव्हती. नवी नर्स संघप्रिया मंगळवारी अंगणवाडीत लसीचा डबा घेऊन बसायची. पूर्वी आया विचारायच्या, "ललितासिस्टरले पुसलं का?" आणि बाई निवृत्त झाल्यावरही येऊन बसायच्या, लेकरू मांडीवर धरायच्या. आता एका मंगळवारी सतरातली तीन लेकरं आली. पुढच्या मंगळवारी एक.

न आलेल्यांत माझी नात होती. नऊ महिने भरले होते, गोवराची सुई द्यायची होती. मी सुनेला, उर्वशीला, म्हणालो, "आज मंगळवार, नेत नाईस का?"

"नाई नेत, मामाजी."

"काऊन?"

"जिनं साऱ्याईले देल्ली तिनंच सोता नाई घेतली. मंग आमी कोनावर इस्वास ठेवाचा?"

"ते वेगळं होतं, पोरी. तिले त्रास झाला होता."

"तुमीच तं टाकलं ग्रुपवर," ती म्हणाली. रागानं नाही, जसं आहे तसं सांगावं तशी. आणि लेकराला घेऊन आत गेली.

मी तसाच उठलो आणि पहिल्यांदाच ललिताबाईंच्या दारात जाऊन उभा राहिलो. त्या अंगणात मुगाच्या वड्या वाळत घालत होत्या. महिन्याभरात बाई स्वतःच वाळल्या होत्या. मी हात जोडले आणि बोलायला लागलो, पण रडूच आलं. साठीच्या माणसाला शोभणार नाही असं रडलो. त्यांनी मला रडू दिलं. मग म्हणाल्या, "भाऊ, तीस वर्सात मी कोनाचा कागद कोनाले नाई दाखवला. तुमाले तं मालूमच आहे." मी सांगितलं नातीचं. त्यांनी एवढंच विचारलं, "लेकरू कितीक महिन्याचं झालं?"

"नऊ."

त्या आत गेल्या, हात धुतले, पेटी उघडल्याचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा हातात चंद्रपूरचं डिस्चार्ज कार्ड होतं.

आमच्या ओसरीवर बसून त्यांनी ते उर्वशीपुढे धरलं. शेजारच्या दोन बायकाही आल्या. सुई घेतल्यावर अंगाला काय काय झालं, ओठ कसे सुजले, लुगडं कसं खराब झालं, सगळं सांगितलं. ज्या गोष्टी एखादी बाई आपल्या बहिणीलाही सांगत नाही त्या माझ्या ओसरीवर, माझ्यादेखत. "ते कोरोनाची सुई, हे गोवराची. अन् मले झालं ते लाखातून एकाले होते. तुह्या लेकरासाठी संघप्रियाजवळ दवा तयार असते. अर्धा घंटा मी सोता बसतो तिच्यापाशी." उर्वशीनं कागद निरखून पाहिला. मग मान हलवली, "पुढच्या मंगळवारी आनतो, सिस्टर." बाई उठल्या, कार्डाची घडी न घालताच शेजारच्या घरात गेल्या. मग त्याच्या पलीकडच्या. त्या दिवशी त्यांनी आमची आळी केली, दुसऱ्या दिवशी दुसरी. अजूनही नवं लेकरू झालेल्या घरात त्या तो कागद घेऊन जातात. मंगळवारची लेकरं हळूहळू परत आली. सगळी नाही. गुणवंतराव अजून त्यांच्याशी बोलत नाहीत.

हे सगळं लिहू का, असं मी त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "आता लपवाले उरलं काय? लिहा."

पण उरलं आहे. माझ्या ओसरीवर त्यांनी कार्ड धरलं तेव्हा त्यांचा अंगठा खालच्या एका ओळीवर दाबलेला होता. कागद हातातून हातात गेला नाही, त्यांनी जाऊ दिला नाही. पुढच्या घरात, त्याच्या पुढच्या घरातही मी मागोमाग गेलो, अंगठा तिथेच होता. आधीच्या आजारांची ती ओळ आहे. तिथे काय लिहिलंय ते गावात फक्त मला माहीत आहे, कारण तो कागद मी स्कॅन केला होता आणि वाचला होता. त्या दिवशी ओसरीवर बाई बोलत होत्या उर्वशीशी, पण पाहत होत्या माझ्याकडे.