परत आलेली ओटी

देवीनं माझं ऐकलं की नाही, हे मला आजही नीट सांगता येत नाही. नव्वदनंतरची ती वर्षं. खानदेश सोडून आम्ही सुरतेत कापडाच्या मागांवर पोट भरत होतो. माझ्या लेकीचं मूल दोनदा पोटातच गेलं होतं आणि आता पुन्हा पाचवा महिना लागला होता. चैत्रात कुलदेवीला जाऊन ओटी भरीन, असं मी बोलून बसले होते. डॉक्टरीणबाईंनी लांबचा प्रवास साफ बंद केला. मग माझ्या डोक्यात आलं, आपल्या गावावरून येणारी तापी शेवटी इथंच समुद्राला मिळते. तिथंच ओटी भरू.

सुट्टीच्या दिवशी लेक, आमचे हे आणि मी तापीच्या मुखाजवळ, सुवालीच्या समुद्रकिनाऱ्यावर गेलो. "देवीनं घर बदललं का गं?" म्हणून ह्यांनी चिडवलं. मी लक्ष दिलं नाही. पाणी खूप आत गेलेलं होतं. चिखल तुडवत जाऊन खण, तांदूळ, नारळ सोडला आणि लेकीसाठी हात जोडले. कितीतरी दिवसांनी ती हसली. मग वाळूवर बसून आम्ही कळण्याची भाकरी आणि ठेचा खाल्ला.

हात धुवायला उठले, तर पाणी पार आमच्यापर्यंत आलेलं, आणि लाटेबरोबर घरंगळत एक नारळ माझ्या पायाशी येऊन थांबला. आम्ही नदीकाठची माणसं. जे सोडलं ते पाणी पुढं घेऊन जातं, एवढंच आम्हाला ठाऊक. "माय, देवीनी मनी ओटी परत करी दिधी," लेक म्हणाली. रडली नाही, नुसती खाली बसली. मी वाकून तो उचलला. नारळ पुन्हा फेकला, तो पुन्हा आला. मला देवीची भीती वाटली आणि खरं सांगते, रागही आला. नको होतं तर आधी सांगायचं होतंस, असं मनात म्हणून टाकलं.

लेकीला पाणी हवं होतं म्हणून जवळच्या गावात शिरलो. नारळ टाकवेना, म्हणून हातातच होता. एका घराच्या ओट्यावर एक कोळीण म्हातारी जाळं सांधत बसली होती. तिनं लेकीला सावलीत खाटेवर बसवलं, पाणी दिलं आणि नारळाकडं पाहून विचारलं. मी मोडक्या गुजरातीत सगळं सांगितलं. म्हातारी हसली. "भरती छे, बेन. बधुं पाछुं आवे. अमे तो एने प्रसाद कहीए." भरतीत सगळंच परत येतं, आम्ही त्याला प्रसाद म्हणतो, असं तिचं म्हणणं. मी काही म्हणायच्या आत तिनं पायरीवर नारळ फोडलासुद्धा. नासका निघाला तर, या विचारानं मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा पांढरंशुभ्र खोबरं तिनं लेकीच्या हातावर ठेवलं होतं. "खा, दीकरी."

लेक माझ्याकडं बघू लागली. मी काय सांगणार? परत आलेली ओटी खाल्लेली चालते का? मुळात हा नारळ आमचाच कशावरून? त्याचं कुंकू तर धुऊन गेलं होतं. घरी असते तर कुणा जाणत्या बाईला विचारलं असतं. इथं कोण? "खा," मी म्हणाले. ते माझ्या तोंडून कसं आलं, मला माहीत नाही. लेकीनं खाल्लं, आणखी मागून घेतलं.

श्रावणात तिला मुलगी झाली, धडधाकट. हे म्हणतात, औषधांचा गुण. मी वाद घालत नाही. पुढं नातीला घेऊन कुलदेवीला गेलो, तेव्हा विचारायचंच असं ठरवून गेले होते, की बाई, ओटी घेतलीस की परत केलीस? पण गाभाऱ्यासमोर हात जोडले आणि डोळे भरून आले. तेवढ्यात पोर मोठ्यानं रडायला लागली. तिला उगी करता करता विचारायचं राहूनच गेलं. बाहेर आल्यावर आठवलं. पण मी पुन्हा आत गेले नाही.