तुपाचा गडू आणि फळ्यावरच्या रेघा

आमच्या गावात पंगतीत वाढणाऱ्याचा मान पाण्यापासून सुरू व्हायचा. नवा माणूस आला की त्याच्या हातात पाण्याची बादली. मग मीठ-चटणी, मग पोळ्या, भाजी, वरण-भात. सगळ्यात वरती तूप. तिथपर्यंत पोचायला कुणाला दहा वर्षं लागायची, कुणी जन्मभर भाजीवरच राहायचा. तूप घरोघरून वाटी-वाटी गोळा केलेलं असायचं. ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पुरवायचं, आणि आपल्या भावकीच्या पानावर हात जड होऊ द्यायचा नाही. भातावर तूप पडल्याशिवाय कुणी घास उचलत नसे, ही रीत.

मला कळायला लागलं तेव्हापासून तुपाचा गडू एकाच माणसाकडं होता. सगळा गाव त्यांना मामा म्हणायचा. बायको कवाच गेलेली, लेकरूबाळ नाही, तीन एकर हलकी जमीन. वर्षभर त्यांना कुणी फारसं विचारत नसे. पण सप्त्याच्या शेवटच्या दिवशी महादेवाच्या देवळापुढं पंगत बसायची, मामा धुतलेलं धोतर नेसून गडू घेऊन उभे राहायचे, आणि गावचा पाटीलसुद्धा त्यांची वाट बघत हात आवरून बसायचा.

विद्यापीठाच्या नामांतराच्या भांडणानं तेव्हा गावोगाव मनं फाटली होती. आमच्याकडं नवीन आलेल्या गुरुजींना वाटलं, मान कुणाला द्यायचा हे चार म्हाताऱ्यांनी ओट्यावर बसून ठरवू नये. त्यांनी वाढप्यांचं मंडळ काढलं. सगळ्या वस्त्यांतली माणसं घेतली, चावडीच्या भिंतीला फळा लावला, नावं लिहिली. एक रांग वाढली की नावापुढं एक रेघ. लग्न असो की तेरवी. ज्याच्या रेघा जास्त, सप्त्यात तूप त्याच्याकडं; ज्याच्या सगळ्यात कमी, त्याच्याकडं पाण्याची बादली.

"यात जात न्हाई, भावकी न्हाई. सगळं डोळ्यापुढं," गुरुजी म्हणाले. मला ते बिलकुल पटलं, अजून पटतं. मी दुसरीत शाळा सोडलेली. अक्षर जुळवताना घाम फुटायचा, पण रेघा मोजता येत होत्या.

त्या वर्षी मी एक लग्न सोडलं नाही. चुडाव्याच्या स्टेशनात गाडीतून वऱ्हाड उतरलं की मी हात धुवून तयार. झपाझप वाढलं की रांगा जास्त होतात हे माझ्या लवकर ध्यानात आलं. मामा एकेका पानापाशी थांबायचे, कुण्या पोरीला विचारायचे, "लाजायलीस काय गं? घे अजून." त्यांची एक रांग व्हायची तोवर माझ्या तीन. सप्त्यापर्यंत माझ्या नावापुढची जागा संपली, गुरुजींनी रेघा खालच्या ओळीत नेल्या. मामांच्या अकरा, सगळ्यात कमी.

गडू माझ्या हातात आला. मामांना नियमानं बादली. "दे," एवढंच म्हणून त्यांनी ती उचलली.

मी सढळ हातानं वाढलं. लोक "वा, वा" म्हणायले तशी माझी पळी भरभरून पडायली. शेवटची रांग पहाटेपासून पोळ्या लाटणाऱ्या बायांची. त्या बसल्या तेव्हा गडू कोरडा. मामांनी येऊन गडूत बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, आणि बायांना पाणी वाढत पुढं गेले.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "फळ्यावर लय रेघा हायत म्हणं तुमच्या."

"हायत."

"माझ्या भातावर एक बी न्हवती."

"तूपच कमी आलं औंदा."

"मामाला कवा कमी पडलं?" ती म्हणाली, "माझ्या तुपाचं काय न्हाई वो. पण त्या माणसाच्या हातात बादली बघवंना."

मी हट्टी माणूस. चूक झाली म्हणायला जीभ उचलत नव्हती. पण त्यानंतर मामा कुणाच्याच पंगतीला यायचे बंद झाले. वर्षभर त्यांना देवळापुढून मान खाली घालून जाताना बघत होतो, आणि तरी लग्नालग्नात पळतच होतो.

पुढच्या सप्त्याला फळ्यावर पुन्हा मीच वर. सकाळीच मामांच्या घरी गेलो. ते दारात दोरी वळत बसले होते.

"मामा, आज तूप तुमी वाढा."

"रेघा कुणाच्या जास्त हायत?"

"माझ्या."

"मग तू वाढ. मला भीक नको."

"बरं, जेवायला तर या. का जेवायचं बी सोडलं?"

"जेवायला येतो," ते म्हणाले. दोरीवरची नजर काढली नाही.

पंगत बसली, वरण-भात पडला. गुरुजींनी गडू माझ्या हातात दिला. मी तो देवळाच्या पायरीवर ठेवला आणि रांगेत एका पानावर जाऊन मांडी घातली.

"अरे, तूप?" गुरुजी म्हणाले.

"भूक लागली, गुरुजी."

"नंबर तुझा आहे!"

"माझाच हाय. आन माझा नंबर आज जेवायला बसलाय."

हशा झाला. पण गडूला हात कोण लावणार? दुसऱ्या नंबरवाला माझ्याकडं बघून गालात हसला आणि त्यानं बी मांडी घातली. भात निवायला लागला. रांगेतली माणसं एकेक करून टोकाला बसलेल्या मामांकडं बघायली. कुणी सांगितलं नव्हतं.

"मामा, भात गार व्हायलाय," पाटील म्हणाला.

चुलाणाकडून बायांचा आवाज आला, "उठा की वो मामा!"

मामा माझ्यावर डाफरले, "गाढवा, ही अक्कल कुणी शिकविली तुला?"

"बायकोनं."

ते उठले. हात धुतले, धोतराला पुसले, गडू उचलला. माझ्या पानावर पळी आली तेव्हा मी म्हणालो, "अजून थोडं."

"पोळ्या लाटणाऱ्या बसायच्यात अजून," म्हणून ते पुढं गेले. पाटलालाही तेवढंच पडलं.

शेवटी बाया बसल्या. शेवटच्या पानापर्यंत तूप गेलं. मामा स्वतः अजून जेवले नव्हते. माझ्या बायकोनं सरकून बाजूला जागा केली, पान मांडलं, भात वाढून घेतला. गडूत राहिलेलं तूप मामांनी त्याच्यावर निथळवलं.

"सावकाश जेवा, मामा," ती म्हणाली.

ते सावकाशच जेवले. बाया उठल्या, आम्ही पत्रावळी उचलल्या, भांडी घासायला घेतली, तरी मामा एकटेच जेवत होते, आणि कुणी त्यांना उठवलं नाही.